डोक्यामागचा खांब

फोटोच्या धंद्यात खांबाइतका वैरी दुसरा नाही. माणूस छान उभा राहतो, टोपी नीट, गुंड्या नीट, चेहऱ्यावर ऊन बेताचं, आणि फोटो धुतला की बरोबर डोक्यातून विजेचा खांब उगवलेला. गिऱ्हाईक आधी स्वतःला बघतं, मग खांबाला, मग आपल्याला. माझे सासरे म्हणायचे, "खांब दिसला की फोटोग्राफर दिसला." फोटोग्राफर दिसता कामा नये, हा आमच्या घरातला पहिला धडा.

चाळीसगावला स्टेशन रोडवर आमचा स्टुडिओ होता. खाली कॅमेरा आणि पडदे, वर माळ्यावर अंधारखोली, आणि अंधारखोलीशेजारी खिडकीला लागून माझं टेबल. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पोळ्या गोल येत नव्हत्या, पण रांगोळीची रेघ हलत नसे. ती रेघ बघून सासऱ्यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली आणि पोळ्यांची कटकट सासूबाईंवर गेली. बाहेरचे फोटो आमचे हे काढायचे. मी रिटचिंग करायची. पंचवीसेक वर्षं मी या भागातल्या लोकांचे देवीचे व्रण बुजवले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली आणि लग्नाच्या मुलींच्या बापांच्या सांगण्यावरून त्यांना दोन छटा उजळ केलं. त्यातल्या कितीजणींना पुढे सासरी त्याचे बोल खावे लागले असतील, देव जाणे.

ज्यांनी फक्त मोबाईल पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. फोटोत जे काळं दिसणार ते तिथे कोरं असतं आणि जे पांढरं दिसणार ते काळं. नको असलेली काळी वस्तू घालवायची तर त्या कोऱ्या जागेत पेन्सिल नाहीतर लाल रंग भरायचा. नको असलेली पांढरी वस्तू घालवायची तर ती जागा बारीक चाकूने खरवडायची. रंग पाण्याने धुता येतो. चाकूचं तसं नाही. जे खरवडलं ते गेलं.

हे मी एकदा अमळनेरच्या तेल गिरणीतल्या एका कारकुनाला समजावून थकले होते. वाटणीवरून भावाशी बिनसलं म्हणून त्याने घरच्या ग्रुप फोटोतून धाकट्या भावाला काढायला लावलं. भावाचा पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी. मी दोन दिवस बसून तो अख्खा भाऊ चाकूने खरवडला. दोन वर्षांनी दोघांचं गूळपीठ जमलं आणि हा पेढे घेऊन आला, "ताई, आता त्याला परत बसवा." मी म्हटलं, भाऊ, तो नाही यायचा. त्याला वाटलं मी जास्त पैसे मागतेय. त्या दिवशी आम्ही खूप हसलो होतो.

स्टेशनजवळचा स्टुडिओ, म्हणून रेल्वेची कामं आमच्याकडे ठरलेली. धुळ्याच्या पॅसेंजरवरचा ड्रायव्हर किंवा गार्ड निवृत्त व्हायचा त्या दिवशी इंजिनाला झेंडूच्या माळा घालत, रुळांवर फटाके लावत आणि शेवटच्या फेरीचा फोटो काढत. धुकं असताना ड्रायव्हरला सावध करायला जे फटाके लावतात तेच हे. चाकाखाली ते धडाधड वाजले की सलामी झाली. कुणाची बायको इंजिनाला कुंकू लावतेय, कुणी शिट्टीची दोरी धरून उभा आहे, मागे डब्यांच्या खिडक्यांतून प्रवासी माना काढून बघताहेत, असे फोटो. आम्ही ते ऑर्डर म्हणून काढले. पण कपाटातली पाकिटं वाढत गेली आणि आमच्या नकळत त्या पॅसेंजरचा सगळा इतिहास आमच्या माळ्यावर जमा झाला.

भिला नानांची ऑर्डर ऐंशीच्या दशकातली, वाफेची इंजिनं अजून चालू होती तेव्हाची. नाना त्या पॅसेंजरचे ड्रायव्हर, आमच्या ओळखीचे. ड्यूटीवरून उतरले की स्टुडिओच्या पायरीवर बसून चहा पीत आणि वर माझ्या खिडकीकडे बघून विचारत, "आज कोणले गोरं करं?" काळा, उंच माणूस, डोळे मात्र कोळशाच्या धुराने कायम लाल. त्यांचं गाव लाइनवरच होतं. त्या लहानशा स्टेशनचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गावकऱ्यांनी ठरवलं की नानांची शेवटची गाडी आपल्या स्टेशनात येईल तेव्हा वाजतगाजत सत्कार करायचा. गाडी फलाटात शिरतानाचा, नाना इंजिनातून वाकून बघतानाचा फोटो हवा होता.

हे सकाळच्या गाडीने पुढे गेले आणि फलाटाच्या टोकाला कॅमेरा लावून उभे राहिले. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी घडलेलं सांगितलं. गाडी येताना स्टेशनाअलीकडचं फाटक उघडं राहिलं होतं आणि सत्कारालाच निघालेली एक बैलगाडी रुळांवर होती. गाडीवानाने बैल रेटले म्हणून माणसं वाचली. बैलगाडीचं मागचं चाक उडालं, एक बैल जखमी झाला. तरी सत्कार झाला.

मला फार वाईट वाटलं. मनात म्हटलं, इतक्या वर्षांच्या नोकरीत शेवटच्या दिवशी हे व्हावं. निदान फोटो तरी निर्दोष करून द्यावा.

फोटो उतरला होताही सुरेख. फुलांनी मढलेलं इंजिन, त्यातून कमरेपर्यंत वाकलेले नाना, मागे वळणावर डब्यांची रांग. पण यांची घाई झाली होती आणि नानांच्या डोक्याच्या बरोबर मागे सिग्नलचा खांब आला होता. तो खांब टोपीतून निघून आभाळात जात होता आणि त्याचं टोक इंजिनाच्या धुरात होतं. तिसऱ्या दिवशी मी निगेटिव्ह काचेवर लावली. आभाळातला काळा खांब लाल रंगाने भरून टाकला. वरच्या टोकाला सिग्नलचा हात होता. मागच्या बाजूने तो पांढरा रंगवलेला असतो आणि धुरात तो पांढरा पट्टा उठून दिसत होता. तो चाकूने खरवडला. तासाभराचं काम. मोठी प्रिंट निघाली, फ्रेम झाली, गावाला गेली. यांनी ती बघून मान हलवली, आणि यांची मान सहसा हलत नसे.

आठवड्याभराने नाना पायरीवर येऊन बसले. चहा घेतला नाही. रेल्वेने त्यांच्यावर कागद काढला होता. सिग्नल नसताना गाडी आत घेतली असा ठपका. सिग्नलचा हात आडवा असेल तर थांबायचं, खाली पडलेला असेल तर यायचं, एवढाच हिशोब. फाटक बंद केल्याशिवाय सिग्नल पाडायचा नाही, हा नियम. तिथल्या स्टेशन मास्तरांचं म्हणणं, फाटक उघडं होतं म्हणजे मी सिग्नल पाडलाच नव्हता, नाना सत्काराच्या नादात तसेच आत आले. नाना स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "मना डोळाघाई पाह्यं मी. हात पडेल व्हता."

आणि मग त्यांनी यांच्याकडे बघितलं. "भाऊ, तुमना फोटोमा मांगे सिग्नल येल व्हई ना?"

यांचा चेहरा उजळला. त्यांना आठवलं, गाडीचे मागचे डबे खांबापाशी असतानाच त्यांनी बटण दाबलं होतं. पूर्ण गाडी पुढे जाईपर्यंत सिग्नल परत आडवा करत नाहीत. म्हणजे त्या फोटोतला हात जसा असेल तसाच तो नानांनी पाहिलेला. हे म्हणाले, "नाना, चिंता सोडा. सगळं फोटोत आहे." मी तो खांब काढलाय हे त्या आनंदात ते विसरले होते. मी वर टेबलापाशी उभी होते. सगळं ऐकू येत होतं.

मी आधी कचऱ्याची टोपली उलटी केली. रिटचिंगपूर्वी मी चेहरे बघायला एक छोटी कच्ची प्रिंट काढली होती. ती सापडली, पण हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात, न टाकलेली प्रिंट उजेडात काळी पडते, तशी ती पार तपकिरी झाली होती. रोलमधले बाकीचे फोटो हारांचे आणि गर्दीचे, सिग्नल एकाही फोटोत नव्हता. मग मी खाली जाऊन सांगितलं. हे मला कधी ओरडत नसत, त्या दिवशीही ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "हात कसा होता? एवढं आठव."

तेच आठवत नव्हतं. मी त्या हाताकडे बघितलंच नव्हतं. माझ्या दृष्टीने ती एक पांढरी घाण होती. मी डोळे मिटून आठवायला बसले की कधी तो आडवा दिसे, कधी पडलेला. पुढचे दोन दिवस माझ्या हातून एक काम धड झालं नाही. एका नवरदेवाच्या भुवया मी एकावर एक दोनदा काढल्या. लोक म्हणत मास्तर खोटं बोलतात. मला तसं म्हणवत नाही. गडबडीत आपण काय केलं हे माणसाला खरंच आठवत नसेल. मला तरी कुठे आठवत होतं?

एक वाट उरली होती. लाल रंग धुतला तर खांब परत दिसला असता. आणि चाकूचं एक आहे, खरवडलेली जागा तिरप्या उजेडात चमकत नाही, निस्तेज राहते. मी नेमका हातच खरवडला असेल, तर माझ्या चाकूची खूण त्या हाताच्याच आकाराची असणार. पण ती खूण आडवी निघाली तर? मग नानांच्या विरुद्धचा पुरावा मीच माझ्या हाताने धुवून काढला असता. न धुता ठेवलं तर निदान काहीच सिद्ध होत नव्हतं. मी नानांना बोलावून हे सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं, ते त्यांना आवडलं नाही.

"तू धू, पोरी," ते म्हणाले. "माले भ्याव नही."

दुपारची वेळ होती. मी बशीत पाणी घेतलं, निगेटिव्ह त्यात सोडली आणि कापसाच्या बोळ्याने हळूहळू रंग काढायला लागले. नाना टेबलाच्या पलीकडे टोपी मांडीवर ठेवून बसले होते. पाणी गुलाबी झालं, बदललं, परत गुलाबी झालं. खांब मोकळा झाला. मग मी निगेटिव्ह खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरपी धरली. हे माझ्या खांद्यावरून बघत होते. खांबाच्या टोकापासून एक निस्तेज पट्टी निघाली होती. ती खाली उतरत गेली होती. नानांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

नाना म्हणाले, "पाह्यं?" आणि टोपी घातली.

आता खरी अडचण पुढे. ती पट्टी आम्हाला दिसत होती, प्रिंटमध्ये धुरात मिसळून जात होती, कारण मी काम चोख केलं होतं. हे हलक्या आवाजात म्हणाले, "तू पेन्सिलने हात परत भर. जिथे होता तिथेच. तुझ्या हाताचं काम ओळखायचं कुणाला?" आणि ते खरं होतं. दहा मिनिटांचं काम. आम्ही काही खोटं करत नव्हतो, होतं तेच परत ठेवत होतो. मी पेन्सिलला टोकही केलं. पण नानांना न विचारता करायला मन होईना.

मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "काढेल हात माले नको. जे शे ते दखाड. नही तं राहू दे."

मी म्हटलं, "नाना, मी तरी काय करू? डोक्यातून खांब आलेला फोटो कसा देणार होते तुम्हाला?"

तेव्हा ते जे म्हणाले ते मला आजही झोंबतं. "मना डोकामा तो खांब जलमभर व्हता, पोरी. तू तो काबर काढा?"

मी सगळ्यात कडक ब्रोमाइड कागद घेतला. त्यावर काळं फार काळं आणि पांढरं फार पांढरं येतं, चेहऱ्याचा सत्यानाश होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम वाईट प्रिंट काढली. नानांचा चेहरा काजळीसारखा, डोक्यातून खांब, आणि धुरात एक बारीक काळी तिरपी रेघ. ती प्रिंट आणि निगेटिव्ह घेऊन आम्ही तिघं चौकशीच्या साहेबांपुढे गेलो. साहेब सभ्य होते. त्यांनी भिंग लावून निगेटिव्ह बघितली, सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्यावर अविश्वास नाही. पण ही खूण तुम्ही गेल्या आठवड्यात केली की काल, हे मी कशावरून ठरवू? चाकू तुमच्याच हातात होता." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

पुढे चार महिने कागद फिरले. शेवटी पत्र आलं. दोष सिद्ध होत नाही, पण शंका पूर्णपणे दूर होत नाही, अशा अर्थाचं. नानांना जे मिळायचं ते सगळं मिळालं. पण ते पायरीवर यायचे थांबले. चहाच्या टपरीवर कुणीतरी गमतीने "या, सिग्नलतोडे नाना" म्हणालं होतं. त्या माणसाच्या ते लक्षातही राहिलं नसेल. नानांनी त्यानंतर स्टेशनाकडचा रस्ताच सोडला, धुळ्याला जायचं झालं तरी एसटीने जात. मी निगेटिव्ह पाकिटात घालून, त्या वाईट प्रिंटसकट, त्यांना देऊन टाकली. माझ्याच्याने ती कपाटात ठेववेना.

रात्री अंथरुणावर पडले की मी तो हात मनातल्या मनात भरायची. दहा मिनिटांचं काम होतं. नानांचं ऐकलं ते बरोबर केलं की चूक, याचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही. हे जाईपर्यंत त्यांचं मत होतं की भरायलाच हवा होता.

नव्वदच्या दशकात वाफेची इंजिनं गेली, आणि मग लोकांना त्यांची आठवण यायला लागली. आमचाही धंदा तोवर रंगीत लॅबने खाल्ला होता, माझी पेन्सिल पडून होती. अशात धुळ्याहून, देवपूरचे एक निवृत्त प्राध्यापक आले. चाळीसगाव-धुळे पॅसेंजरचा फोटोंतून इतिहास, असं पुस्तक ते करत होते. रेल्वेचं वेड असलेले गृहस्थ, कोळशाच्या वासावरसुद्धा बोलत. आमची पाकिटं बघून ते जमिनीवर फतकल मारून बसले आणि दुपारचं जेवण विसरले. नमुन्याच्या आल्बममध्ये भिला नानांचा तो स्वच्छ फोटो लागला. सर म्हणाले, "हा मुखपृष्ठावर. काय चौकट आहे. एक वस्तू नको ती नाही." मी म्हटलं, याची निगेटिव्ह माझ्याकडे नाही. बाकी काही सांगितलं नाही. सांगायचं धाडस झालं नाही, असं म्हणणं जास्त खरं.

ती शोधायला मी सरांना घेऊन नानांच्या घरी गेले. नानांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी फक्त तेराव्याला गेले होते आणि उंबऱ्यातूनच परतले होते. त्यांच्या पत्नी वेणूअक्का एकट्याच घरी होत्या. आम्ही आत शिरलो आणि मी भिंतीकडे बघितलं. सत्काराची मोठी फ्रेम तिथे नव्हती. तिच्या जागी माझी ती वाईट प्रिंट होती, काचेच्या चौकटीत, घड्याळाशेजारी. काळा चेहरा, डोक्यातून खांब.

वेणूअक्का म्हणाल्या, "त्यासनी सोता लाया. मी म्हणू, तो चांगला लावा. म्हणेत, हाऊच खरा शे." चांगला फोटो फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, म्हणाल्या.

सर चौकटीपाशी गेले. मला वाटलं आता म्हणतील, हा काय खराब फोटो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक काचेला लागेपर्यंत पुढे झाले. या माणसाला चौकशीचं काहीच माहीत नव्हतं. फाटक नाही, बैलगाडी नाही, माझा चाकू नाही.

"अरे, यात तर सिग्नलसुद्धा आहे," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मागचे डबे अजून खांबापाशी आहेत, आणि हा बघा, धुरात, हात पडलाय. सिग्नल घेऊन रीतसर आत येणारी गाडी. असा फोटो सहसा मिळत नाही."

मी वेणूअक्कांकडे बघू शकले नाही. त्या पाण्याचे पेले घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवले, पदराने हात पुसले आणि सरांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"परत एकदाव सांगा ना, सर," त्या म्हणाल्या. "काय पडेल शे?"